मुक्काम आणि पोस्ट

मी पालीचा. हे वाक्य आयुष्यात जितक्या वेळा उच्चारले, तितक्या वेळा त्याला "गणपतीच्या नव्हे" हे शेपूट जोडावे लागले आहे. पाली म्हटली की समोरच्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात आणि त्याच्या डोळ्यांपुढे बल्लाळेश्वर उभा राहतो. तो रायगड जिल्ह्यातल्या पालीचा. आमची पाली रत्नागिरी जिल्ह्यातली. आमच्याकडे लक्ष्मीपल्लीनाथ आहे, मुंबई-गोवा रस्ता आहे आणि त्या रस्त्याला सोडून कोल्हापूरकडे निघणारा फाटा आहे. त्यामुळे निम्मे जग आमच्या गावावरून कुठेतरी जात असते आणि उरलेले निम्मे कुठूनतरी परत येत असते. पालीत थांबलेच तर चहापुरते. कायमचा थांबलेला असा मी.

जन्म पालीत, शाळा पालीत, बी.कॉम. रोज एस.टी.ने रत्नागिरीला जाऊन-येऊन, आणि मधली थोडी वर्षे सोडली तर नोकरीही पालीच्याच शाखेत. घरातून बँकेत चालत जायला सात मिनिटे लागतात. येताना नऊ, कारण येताना हातात भाजी असते. आमच्या शाखेत 'फिरती' हे विशेषण फक्त एका खुर्चीला लावता येते. ती माझी आहे, आणि तिचा स्क्रू ढिला आहे.

वाळवंटाशी माझा संबंध एकदाच आला. बँकेत प्रवास-सवलत मिळते. ती मुदतीत घेतली नाही तर बुडते, आणि बुडीत गोष्ट उघड्या डोळ्यांनी पाहणे कॉमर्सच्या माणसाला जमत नाही. म्हणून एका डिसेंबरात सहकुटुंब जैसलमेर गाठले. समच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटावरून चाळीस मिनिटे हिंडलो. उंट उठताना माणसाला आधी पुढे फेकतो आणि मग विचार बदलल्यासारखा मागे फेकतो, एवढे ज्ञान घेऊन परतलो. सौ. मात्र त्या अथांग वाळूकडे बघून हळहळली. "एवढी वाळू नुसती पडून आहे! आपल्याकडे डंपरमागे काय भाव घेतात, सांगा यांना."

तेव्हा वाळवंटातला हिवाळा माझ्या नावावर चाळीस मिनिटे जमा होता. आणि दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात माझ्या अमेरिकेतल्या भाच्याने व्हिडिओवर दर्शन देऊन सांगितले की, तो आणि त्याची बायको सबंध हिवाळा वाळवंटात काढायला आले आहेत.

"नोकरी गेली वाटतं," आई मागून म्हणाली.

नोकरी गेली नव्हती. उलट नोकरीच बरोबर आली होती. दोघांचेही काम कॉम्प्युटरवरचे. कचेरीत बसा, घरी बसा नाहीतर निवडुंगाखाली बसा, पगार तेवढाच. तेव्हा त्यांनी भाड्याचे घर सोडून दिले, एस.टी.एवढी एक मोटार घेतली आणि तिच्यातच बिऱ्हाड थाटले. आत खाट, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, सगळे. ज्या गावी ती मोटार उभी होती त्याचे नाव क्वार्ट्झसाइट. ॲरिझोना राज्यातले हे गाव. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढतो तेव्हा तिथे दोन-चार हजार टाळकी तग धरून असतात. हिवाळा आला की थंडीने काकडलेल्या उत्तरेकडून अशा फिरत्या घरांची रांग लागते आणि मोसमभरात लाखांनी माणसे येऊन जातात. त्यात पेन्शनर पुष्कळ, पण पोटासाठी फिरणारेही पुष्कळ. कोणी उन्हाळ्यात सरकारी उद्यानात तंबूंची राखण करतो, कोणी पानगळीत उत्तर डाकोटात जाऊन बीट काढतो, कोणी नाताळच्या गर्दीत गोदामात खोकी बांधतो. 'नोमॅडलँड' नावाचा सिनेमा २०२० साली आला, तो याच लोकांवरचा. आजूबाजूची जमीन सरकारची. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यावर गाडी लावायचा परवाना वर्षानुवर्षे १८० डॉलरला मिळत आला. सात महिन्यांचे अवघे १८० डॉलर! मी मनातल्या मनात गुणाकार करून, भागाकार करून, तो आकडा रत्नागिरीतल्या एका खोलीच्या भाड्याशी ताडून पाहिला आणि सुस्कारा सोडला.

गावात एका उंटवाल्याची समाधी आहे, हेही भाच्याने दाखवले. दगडी पिरॅमिड, वर तांब्याचा उंट. अमेरिकन लष्कराला १८५६ च्या सुमारास वाळवंटात सामान वाहायला उंट वापरून बघावेत अशी बुद्धी झाली. उंटांबरोबर हाजी अली नावाचा माणूस आला. उंटांचा बेत फसला. माणूस तिथेच राहिला आणि १९०२ साली वारला. अमेरिकनांना 'हाजी अली' म्हणता येईना, म्हणून त्यांनी त्याला 'हाय जॉली' करून टाकले. परमुलखात माणसाचे आधी नाव जाते आणि मग समाधी होते, असे काहीसे मी बोलून गेलो. भाचा म्हणाला, "मामा, रेंज जातेय."

आईला मात्र पाण्याची काळजी. भाच्याने समजावले की गाडीत तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक धुण्या-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि तिसरी, तिला तिकडे काळ्या पाण्याची टाकी म्हणतात.

"काळं पाणी?" आई दचकली. रत्नागिरीच्या माणसाला काळे पाणी म्हटले की सावरकर आठवतात. "अरे, असा काय गुन्हा केलास तू?"

भाच्याने तिसऱ्या टाकीत काय साठते ते सांगितले. ती वरचेवर रिकामी करायला ठरलेल्या जागी जावे लागते आणि तिथे बहुतेक वेळा पैसे मोजावे लागतात, हेही सांगितले. आई पदर नाकाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली.

माझ्यातल्या बँकवाल्याला वेगळाच प्रश्न पडला. "अरे, पण तुझा पत्ता काय?" भाचा हसला. म्हणाला, दक्षिण डाकोटा. आणि त्या राज्यात तो आजवर एकच रात्र राहिला होता! या फिरत्या मंडळींची ती जुनी युक्ती आहे. तिथे जायचे, तळावर एक रात्र काढायची, मुक्कामाची पावती घ्यायची, टपाल घेऊन पुढे पाठवणाऱ्या दुकानात एक पेटी भाड्याने घ्यायची आणि ही दोन कागदपत्रे दाखवून ड्रायव्हिंग लायसन्स काढायचे. झालात तुम्ही दक्षिण डाकोटाकर. मुक्काम एकीकडे आणि पोस्ट दुसरीकडे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला एकतर मधुमेह होतो किंवा स्वप्ने पडतात. मला त्या दिवसापुरती दोन्हींची लक्षणे दिसत होती. पडल्या पडल्या शिल्लक रजा मोजली. जुना टेम्पो घेऊन त्यात खाट बसवायचा खर्च काढला. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्याचे आठवले आणि सरकार आपल्या पाठीशी आहे असे वाटून बळ आले. पहाटे सौ.ला हलवून म्हटले, "आपणही निघू या का?"

ती डोळे न उघडता म्हणाली, "गणपतीपुळ्याला जाताना कुलूप ओढून बघायला तुम्ही फाट्यावरून परत आला होतात. झोपा."

यावर उत्तर नव्हते. कुलूप लागलेलेच होते, हे वर ऐकून घ्यावे लागले असते.

त्याच आठवड्यात आमच्या मळीत धनगर उतरले.

ते दरवर्षीच उतरतात, म्हणून सांगायचे राहिले. आता आमच्या सह्याद्रीच्या कुशीत धनगरवाडे आहेत, ते गवळी-धनगरांचे. त्यांच्या म्हशी. हे वेगळे. हे घाटावरचे मेंढपाळ, कागलकडचे. दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळतात आणि मग मेंढरे घेऊन निघतात. आंबा घाट उतरून, साखरपा, नाणीज करीत आमच्याकडे पोचतात तेव्हा भात कापून झालेला असतो आणि मळ्या मोकळ्या पडलेल्या असतात. सबंध हिवाळा आणि उन्हाळा खाली काढायचा आणि पावसाच्या आत घाट चढायचा. आमचा पाऊस मेंढीला सोसत नाही. तिचे खूर कुजतात. कोकणचा पाऊस आम्हालाच सोसत नाही, पण आमचे खूर कोण बघतो?

तीनशे मेंढरे, चार घोडी, तीन कुत्री आणि दोन कुटुंबे. पुरुष मेंढरांबरोबर रानातून येतात. घर घेऊन येतात त्या बायका. घोडीच्या पाठीवर खाट उलटी बांधलेली, तिच्या चार पायांत गाडगी, पातेली, पीठ, घोंगडी, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, पिशवीत कोकरू आणि सर्वांत वर एखादे पोर. अलीकडे त्या पोराच्या शेजारी सौरऊर्जेची चकचकीत पाटी उन्हाकडे तोंड करून बांधलेली असते. चालता चालता मोबाईल चार्ज होतो. मी त्या दिवशी घड्याळ लावून बघितले. मामी आल्या, त्यांनी जागा निरखली, घोडी सोडली, तीन दगड मांडले, वाघरीची जाळी ताणून कोकरांना आडोसा केला आणि चुलीतून धूर निघाला. सव्वीस मिनिटे. आमच्या भाच्याला गाडी सपाट उभी करायलाच पाऊण तास लागतो.

मामी, कारण त्यांच्या नवऱ्याला मी लहानपणापासून मामा म्हणतो. त्याचे कारण आईला विचारायला हवे. आई त्यांच्याशी दरवर्षी त्वेषाने घासाघीस करते आणि दरवर्षी हरते. घासाघीस कशाची? तर मेंढरे आमच्या मळीत किती रात्री बसवायची आणि त्याबद्दल आम्ही त्यांना काय द्यायचे याची. त्या वर्षी ठरले चार रात्री. रात्रीला दोन पायली तांदूळ, वर रोख आणि घरची चहापूड. रात्रभर तीनशे मेंढरे मळीत बसतात, सकाळी उठून जातात, आणि मागे जे ठेवून जातात त्यावर पुढल्या वर्षीचे भात उभे राहते. युरियाच्या गोणीने ते काम होत नाही, असे आईचे मत आहे.

ही घासाघीस मी पंचवीस वर्षे ऐकत आलो होतो. पण आठवडाभर डोक्यात अमेरिका भिनलेली, त्यामुळे त्या दिवशी एकदम लख्ख प्रकाश पडला. तिकडे राहणारा जागेचे पैसे भरतो. इकडे जागेचा मालक राहणाऱ्याला पैसे देतो! तिकडे काळे पाणी टाकायला पैसे पडतात. इकडे तोच माल आम्ही तांदूळ मोजून विकत घेतो! कॉमर्सची पदवी घेऊन इतकी वर्षे झाली, पण नावे आणि जमा या दोन बाजू इतक्या स्वच्छ उलट्या झालेल्या मी कुठल्याच ताळेबंदात पाहिल्या नव्हत्या. सौ.ला हे उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "मग तुमच्या टेम्पोच्या टाकीला गिऱ्हाईक मिळतंय का बघा."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मामा बँकेत आले. फेटा, कोपरी, खांद्यावर घोंगडे. काठी त्यांनी दाराशी रखवालदाराजवळ ठेवली, जशी सिनेमात तलवार ठेवतात. कोपरीच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यातून दुसरी पिशवी आणि तिच्यातून पासबुक निघाले. आमच्याच बँकेचे, त्यांच्या गावाकडच्या शाखेतले.

धाकट्या मुलाने मेंढरे सोडून पोकलेन चालवायला घेतले तेव्हा माणूस कमी पडायला लागला, म्हणून मामांनी चाळीस मेंढ्या विकून पैसे खात्यात टाकले होते. नातीसाठी. नात कोल्हापूरला नर्सिंग शिकते, वसतिगृहात राहते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिची फी भरायची होती. आणि खाते उघडून बघतो तो, दोन वर्षे व्यवहार नाही, म्हणून निष्क्रिय. कार्ड दोनदा पाठवलेले आणि दोनदा परत आलेले. शेरा : घर बंद.

"मामा, पावसाळ्यात गावी असता तेव्हाच करून घ्यायचं ना हे."

"केलं की वो. कारड येतंय म्हनले दोन म्हैन्यांत. दोन म्हैन्यांनी आमी हितं खाली. पोष्टमन येतोय, कुलूप बगतोय, जातोय. त्येचा बी काय दोस न्हाई."

चार महिने उघडे आणि आठ महिने बंद असे घर आमच्या फॉर्मच्या कल्पनेत बसत नाही. मी नवीन फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, सही-अंगठा इथवर बरे चालले. पुढे रकाना : कायमचा पत्ता. तो आधार कार्डावर होता. त्याखाली : सध्याचा पत्ता.

"सध्या कुठे राहता?" मी सवयीने विचारले.

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "तुमच्या मळीत की वो, सायब."

मागच्या रांगेतले दोघे हसले. मीही हसलो, पण पेन हलेना. रकाना कोरा ठेवावा तर फॉर्म परत येणार. गावचा पत्ता घालावा तर कार्ड तिसऱ्यांदा कुलूप बघून येणार. आणि आठवले ते असे की, असल्या फॉर्मांवर 'पत्ता अपूर्ण' हा शेरा आमच्या शाखेत ज्या वळणदार अक्षरात मारला जातो ते अक्षर माझे आहे. किती वर्षे मारीत आलो, किती जणांच्या कागदांवर, याचा हिशेब मी कधी ठेवला नव्हता. एरवी मी चार आण्यांच्या फरकासाठी रात्री आठपर्यंत बसलेला माणूस.

नियमांचे पुस्तक काढले. आमच्या नियमांचे एक बरे असते. ते पूर्ण वाचले तर माणसाच्या बाजूचेही निघतात. फक्त तितके कोणी वाचत नाही. आधारवरचा पत्ता एक आणि राहण्याचा दुसरा असेल तर ग्राहकाने स्वतः तसे लिहून दिले तरी चालते, असे रिझर्व्ह बँकेने केव्हाच म्हटले आहे. मी कागद घेतला. लिहिले : द्वारा अमुक, मुक्काम पोस्ट पाली, तालुका जिल्हा रत्नागिरी. 'अमुक'च्या जागी माझे नाव.

साहेबांनी चष्मा वर केला. आमचे त्या वेळचे शाखाधिकारी नागपूरचे. कोकणातली बदली म्हणजे वनवास, आणि वनवास म्हणून खानावळीचे मासे चुकवीत ते दिवस काढीत होते. "हे तुमच्या घरी राहतात?"

"घरी नाही. मळीत."

"किती दिवस झाले?"

"एक रात्र. अजून तीन आहेत."

"एक रात्र!" साहेब म्हणाले. "एका रात्रीवर पत्ता होतो का?"

"अमेरिकेत होतो, साहेब," मी म्हटले, आणि त्यांना दक्षिण डाकोटाची सबंध हकीकत सांगितली. रांग वाढत होती. साहेबांवर अमेरिकेचा परिणाम झालेला दिसेना. तेव्हा शेवटचे विचारले, "साहेब, तुमच्या आधारवर पत्ता कुठला?"

"नागपूर."

"आणि नागपूरचं घर?"

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. बायको-मुले पुण्याला, मुलाच्या कॉलेजसाठी. नागपूरच्या घराला कुलूप. स्वतः पालीत, वाण्याच्या माडीवर. त्यांनी पेन उचलले. मग मध्येच थांबून विचारले, "पण हे तुमचे कोण? नातं काय लिहायचं?"

"मामा."

हे खोटे नव्हते. साहेबांनी फेट्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले, आणि सही केली. खाते जिवंत झाले. फीची रक्कम त्याच दिवशी कोल्हापूरला गेली. नातीचा फोन आला तो मामांनी बँकेतच, स्पीकरवर, सर्व ग्राहकांना ऐकू येईल असा घेतला. मेंढरांमागे ओरडून ज्यांचा आवाज तयार झालेला असतो त्यांना स्पीकरची गरज नसते, पण असो.

चार रात्री संपल्या आणि मळी रिकामी झाली. कार्ड आले सतराव्या दिवशी. पोस्टमनने माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, "तुमच्या मामांचं आलंय." गावात बातमी पसरली होती.

आता मामा कुठे? फोन लावला तर रेंजबाहेर. सौर पाटी मोबाईल भरते, रेंज भरत नाही. शेवटी एका शनिवारी बँकेला सुट्टी होती तेव्हा स्कूटर काढली. मेंढपाळ शोधायची पद्धत सोपी आहे. नाक्यावर विचारायचे, "मेंढरं कुठे गेली?" आणि रस्त्यावरच्या लेंड्या बघत जायचे. हातखंब्याला कळले की निवळीकडे गेली. चौपदरी रस्ता ओलांडताना त्यांचा अर्धा दिवस गेला म्हणे. पूर्वी एक विडी ओढून होईपर्यंत कळप पलीकडे जाई. आता मधली भिंत बघून पुढची मेंढी थांबली, आणि पुढची थांबली की तीनशे थांबतात; शेवटी लांबून, पुलाखालून नेली. निवळीला कळले की उक्षीकडे. दुपार कलली तेव्हा मी उक्षीकडच्या एका सड्यावर पोचलो.

सडा म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्या माणसाला सांगायला हवे. कोकण म्हणजे नारळ-पोफळी अशी त्याची समजूत असते. ती खाली, वाडीत. वर चढून आलात की जांभ्याचा काळाकरडा उघडा कातळ, नजर जाईल तिथवर. पावसाळ्यात त्यावर फुलांचा गालिचा असतो आणि डिसेंबर-जानेवारीत पिवळे, कुरकुरीत गवत. झाड नाही, पाणी नाही. मी सबंध आयुष्य या सड्यांच्या पायथ्याशी काढले आणि वाळवंट बघायला जैसलमेरला गेलो, तेही बिल लावून! उक्षीला कातळात कोरलेला मोठा हत्ती आहे. कोकणच्या ज्या कातळशिल्पांची नावे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली त्यांत उक्षी आहे. ज्यांनी तो कोरला त्यांचा पत्ता अजून कुणाला लागलेला नाही. शिकार करीत हिंडणारे लोक असावेत असे जाणकार म्हणतात. हिंडणारेच, नाहीतर घर सोडून हत्ती कोण कोरत बसेल?

मामांनी कार्ड उलटसुलट बघितले, दोन पिशव्यांत घातले आणि म्हणाले, "आता अंधारात कुठं जाता? बसा." मामींनी भाकरी थापली. वर ठेचा, आणि मेंढीच्या दुधाचा चहा. तो पहिल्या घोटाला नको वाटतो, दुसऱ्याला चालतो आणि तिसऱ्याला संपतो.

शेकोटीपाशी मी त्यांना भाच्याची हकीकत सांगितली. सगळे मन लावून ऐकत होते. रात्री राहायचे पैसे भरतात, हे ऐकून मामी तोंडाला पदर लावून हसल्या. तीन टाक्यांचे ऐकून पोरे हसली. मामा मात्र विचारात पडले.

"त्यांच्याकडं मेंढरं किती?"

"एकही नाही."

"मंग फिरत्यात कशापायी?"

मी पुष्कळ विचार केला. मोकळेपणा, निसर्ग, अनुभव असे शब्द ओठांवर येऊन गेले, पण मामांच्या तोंडावर ते बोलवेनात. त्यांच्या फिरण्याला मेंढी पुरेसे कारण होती. आणि ते कारण दिवसेंदिवस आटत चालले होते, हेही त्यांनी सांगितले, पण कुरकुर न करता, पाऊस कमी झाला असे सांगावे तसे. लोकर कातरायची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते. २०२१ च्या डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला, पुणे जिल्ह्यात मेंढ्या गारठून उभ्या जागी मेल्या. यांच्याही नऊ गेल्या. मळ्यांत प्लॉट पडतात, त्यांना खत नको असते. धाकटा पोकलेनवर. थोरला आहे तोवर आहे. आम्ही बँकेत खेळते भांडवल म्हणतो ते मी त्या रात्री प्रथमच पाहिले. ते चंद्राच्या उजेडात उड्या मारीत होते, आणि एक कोकरू माझ्या बुटाची नाडी खात होते.

"नात नर्स झाली की एका जागी बसंल," मामा म्हणाले. "पत्ता व्हईल तिचा." मग थोड्या वेळाने, "सायब, तुमी किती वर्सं झाली तितं?"

"जन्मापासून."

"कटाळा येत न्हाई?" त्यांनी इतक्या काळजीने विचारले की आजाऱ्याला विचारावे तसे.

दहाच्या सुमारास एका दगडावर उभा राहिलो तेव्हा रेंज मिळाली. सौ.चा फोन. "अहो, आहात कुठे?"

"सड्यावर. इथेच झोपतोय."

"थंडी आहे. दार नीट लावून घ्या."

"दार नाहीये."

पलीकडे बराच वेळ शांतता. "मग तुम्हाला झोप कशी लागणार?" ती खरोखरच चिंतेने म्हणाली. मलाही तीच चिंता होती. मामींनी दोन घोंगडी दिली, एक खाली, एक वर. ती टोचत होती. वर चांदणे इतके होते की डोळे मिटायला संकोच वाटला. ओढून बघायला कुलूप नाही, बंद करायला गॅस नाही, नळ नाही. कुत्री एकदा माझा वास घेऊन गेली आणि माझ्या वतीने जागी राहिली. पुढचे मला आठवत नाही.

जाग आली ती उन्हाने. डोळे उघडले तर सडा रिकामा. चूल नाही, वाघर नाही, मेंढरे केव्हाच पुढे गेलेली. मला वाटले, मी एकटाच राहिलो. उठून बसलो तर पाठीमागे चारही घोडी लादून तयार, खाट उलटी, कोंबड्या जागेवर, पोर सर्वांत वर. मामी हातात दोर धरून उभ्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"उठा सायब," त्या अदबीने म्हणाल्या. "समदं घर भरून झालंय. तुमच्या अंगाखालचं तेवढं ऱ्हायलंय."